कोपऱ्यातली तारीख

साफोतू, सवाई बेट, सामोआ
मंगळवार, २२ जानेवारी २०१९

दादा,

अडलं की फुआतिनोला भाऊ आठवतो, असं माकेरिता वहिनी म्हणेल. म्हणू दे. खरंच अडलंय.

ख्रिसमसला फोनवर सांगितलं होतं ती ऑस्ट्रेलियातली, बॅलरॅटची संस्था आठवते ना? आपल्याकडच्या बायकांना दोन वर्षं शिकवतात आणि तिथल्या वृद्धाश्रमांत कामाला घेतात. माझा अर्ज त्यांना पसंत पडलाय. आता त्यांच्या संकेतस्थळावर चार परीक्षा द्यायच्या, दोन-दोन तासांच्या, पंधरा फेब्रुवारीच्या आत. पस्तिशी पुरी झालेल्यांना घेत नाहीत आणि मला जूनमध्ये पस्तीस पुरी होतात. म्हणजे ही एकच संधी.

आणि ते एकच संकेतस्थळ घरच्या कम्प्युटरवर उघडत नाही. बाकी सगळं उघडतं. हवामान, पेपर, आपली ही ई-मेलची पत्रं, तुझ्या पोरांचे फोटो, सगळं. हे पान लावलं की पडदा पांढरा होतो आणि मधोमध एक ओळ येते की सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही. माझ्या बटणांच्या फोनवर तर ते दिसायचंच नाही. कम्प्युटर तूच आणून बसवलास आणि तुझा धंदाच दुरुस्तीचा, तेव्हा तुला सोडून कुणाला विचारू?

बाबा आहेत तसे आहेत. एक पाय गेला त्याला वर्ष झालं, आता दुसऱ्याची जखम भरत नाही. दिवसातून तीनदा पट्टी, दोनदा इन्सुलिनची सुई. त्यांची मोजणी मात्र ठणठणीत आहे. सरकारने सात वर्षांपूर्वी आपल्याला तारखेच्या रेषेपलीकडे ढकलायला जो शुक्रवार गाळला, तो बाबांनी अजून गाळलेला नाही. गावात रविवार असतो तेव्हा आमच्या घरात शनिवार, त्यांचा शब्बाथ, प्रार्थनेचा वार. मी फाटकाबाहेर गेले की एक दिवस पुढे जाते, आत आले की मागे येते. आता त्याचं काही वाटत नाही.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ऐकलं तर आकाशपाताळ एक करतील. निवड झाल्यावर बघू. ती दोन वर्षं बाबांना तू तुझ्याकडे नेणार आहेस, ते पक्कं ना?

तुझी फुआतिनो


लोगन, ब्रिस्बेनजवळ
शुक्रवार, २५ जानेवारी २०१९

फुआ,

वहिनी काहीही म्हणत नाही. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, तर हसली आणि म्हणाली, घर सांभाळणारी ती, तिने नाही हक्क गाजवायचा तर कुणी?

बाबांचं पक्कं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तू आधी परीक्षा तर दे.

असले आजार मी रोज दहा बघतो. घाबरायचं काम नाही, फक्त घाई करायची नाही. एकेक पायरी. आधी कम्प्युटर पूर्ण बंद कर, वायर काढ, अर्धा तास थांब, मग लाव. इंटरनेटच्या डबीचंही तेच. मग तो पत्ता नव्याने टाईप कर, जुना उचलून टाकू नकोस. नाही उघडलं तर कळव, पुढची पायरी सांगतो.

आपल्यात भावाने बहिणीच्या शब्दाला खाली पडू द्यायचं नसतं, हे मी विसरलेलो नाही हं. ऑस्ट्रेलियात राहिलो म्हणून काय झालं.

लाफाएले


साफोतू
गुरुवार, २४ जानेवारी २०१९

दादा,

तुझं पत्र जेवणानंतर मिळालं आणि लगेच बसले. वायर काढली, अर्धा तास थांबले. तेवढ्यात बाबांना कोको करून दिला. डबीचंही केलं. पत्ता चार वेळा टाईप केला, एकेक अक्षर बोट ठेवून. पांढरा पडदा आणि तीच ओळ.

बाबा विचारत होते, एवढं काय खटपट करतेस. म्हटलं, दादाचे फोटो उघडत नाहीयेत. वाईट वाटलं. त्यांच्याशी खोटं बोलायची मला सवय नाही, पण आता आठवडाभरात होईल बहुतेक.

पुढची पायरी लवकर सांग. दिवस चाललेत.

फुआतिनो


लोगन
बुधवार, ३० जानेवारी २०१९

फुआ,

उशीर झाला, दुकानात माणूस आजारी आहे. सगळं माझ्याच गळ्यात.

आता असं कर. इंटरनेट ज्यातून उघडतेस त्यात जुनी पानं साठून राहतात, ती सगळी पुसून टाक. मग दुसरा एखादा ब्राउझर उतरवून घे आणि त्यात लावून बघ. तुमच्याकडे इंटरनेट रांगतं, त्यामुळे उतरवायला दोनतीन दिवस लागतील. लागू दे. मध्येच तोडू नकोस.

एक मात्र सांगून ठेवतो. बाकी काय वाटेल ते कर, पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेला हात लावू नकोस. बाबा येता-जाता तिच्याकडे बघतात. सहा वर्षांपूर्वी त्या तारखेवरून त्यांचं माझं किती वाजलं होतं तुला माहीत आहे. मी ती त्यांच्या मोजणीला लावून कुलूप घालून दिली म्हणून घरात शांतता आहे.

सामानाचा ड्रम पाठवलाय, पिसुपोचे, खारवलेल्या मांसाचे, डबे वीस आहेत. बाबांना सगळे एकदम देऊ नकोस, मीठ फार असतं.

लाफाएले


साफोतू
मंगळवार, ५ फेब्रुवारी २०१९

दादा,

दुसरा ब्राउझर उतरायला चार दिवस लागले. त्यातही तेच. तारखेला कशाला हात लावू, तिचा काय संबंध?

मग आज सकाळच्या बसने सालेलोलोगाला गेले. तिथे सुलियाचं झेरॉक्सचं दुकान आहे, शाळेत माझ्या पुढे होती ती. तिच्या कम्प्युटरवर ते पान झटक्यात उघडलं. मी बघतच राहिले. एक परीक्षा तिथेच दिली आणि बरी गेली. म्हाताऱ्या माणसाला अंथरुणात कूस कशी बदलून द्यायची, जखम कशी धुवायची, हेच सगळं होतं. माझं वर्षभराचं काम कुणीतरी प्रश्न करून मला विचारत होतं.

परत आले तर बाबा जमिनीवर. लघवीला उठायला गेले, कुबडी सटकली. दोन तास तसेच पडून होते. हाक मारली नाही त्यांनी. त्यांच्याबरोबर जुना वार पाळणारी माणसं एकेक करून गावाच्या शनिवारावर गेली, तेव्हापासून ते शेजाऱ्यांना हाक मारत नाहीत. जखम पुन्हा फुटलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलवू नका आणि एकटं सोडू नका.

म्हणजे सुलियाचं दुकान बंद. उरलेल्या तीन परीक्षा घरीच द्यायला हव्यात. तिथे उघडतं, इथे नाही, म्हणजे बिघाड या कम्प्युटरमध्येच आहे ना? आता तरी तुला कळायला हवं.

फुआतिनो


लोगन
सोमवार, ११ फेब्रुवारी २०१९

फुआ,

बाबा पडल्याचं वाचून जेवण गेलं नाही. तुला बोलत नाही, पण त्यांना असं टाकून जायला नको होतं. काही झालं असतं तर लोकांनी मला विचारलं असतं, थोरला कुठे होता म्हणून.

तू म्हणतेस ते बरोबर, बिघाड कम्प्युटरमध्येच आहे. मला व्हायरसचा संशय आहे. सोबत एक तपासनीस प्रोग्राम पाठवतोय, तो चालू कर. जुनं यंत्र आहे, पूर्ण तपासायला दोन दिवस घेईल. तेवढ्यात त्याला बिलकुल हात लावायचा नाही, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

आणि धीर धर. घाईने कामं बिघडतात.

लाफाएले


साफोतू
गुरुवार, १४ फेब्रुवारी २०१९

दादा,

हुकलं.

तुझा तपासनीस दोन दिवस घरघरत बसला आणि शेवटी म्हणाला, काही सापडलं नाही. हा मुदतीचा शेवटचा दिवस. मग मी काय केलं ऐक. डॉक्टरीणबाईंचं न ऐकता बाबांना बसमध्ये घातलं. औषध आणायचंय म्हणून सांगितलं. दोघांनी उचलून चढवलं, बसभर लोक बघत होते. सुलियाच्या ओसरीवर त्यांना बसवलं आणि आत परीक्षेला बसले. दुसरी झाली. तिसरी अर्धी झाली आणि बसवाला भोंगा वाजवायला लागला. ती शेवटची बस. सुलिया म्हणाली राहा, पण बाबांची सुई घरी होती.

उन्हात चार तास बसले होते बाबा. बसमध्ये एवढंच विचारलं, औषध कुठाय?

तुझा दोष नाही. तू सांगितलंस ते मी सगळं केलं.

फुआतिनो


लोगन
सोमवार, १८ फेब्रुवारी २०१९

फुआ,

वाईट वाटलं. मी माझ्याकडून जिवाचं रान केलं, पण काही यंत्रं अशीच असतात, त्यांचं मूळ सापडत नाही.

मन लावून घेऊ नकोस. परक्यांच्या म्हाताऱ्यांचं करायला एवढ्या लांब कशाला जायचं? आपलं माणूस घरात आहे. बाबांची सेवा तुझ्या हातून व्हायची असेल, दुसरं काय. इथे तर आम्हाला श्वास घ्यायला फुरसत नाही, खोल्याही दोनच. खरं सांगायचं तर बाबांचे इथे फार हाल झाले असते.

इस्टरला आणखी एक ड्रम पाठवतो. तुला काय हवं ते लिही.

लाफाएले


साफोतू
शुक्रवार, १ मार्च २०१९

लाफाएले,

वरची तारीख नीट बघ. आज गावातही तीच आहे. या घरातून तुला आलेलं हे पहिलंच पत्र ज्याच्या डोक्यावर खरी तारीख आहे.

मी त्या संस्थेला रागाने लिहिलं होतं, तुमचं पान माझ्या घरी उघडत नव्हतं म्हणून माझं नुकसान झालं. तिथल्या एका बाईचं उत्तर आलं. दोन ओळींचं. 'आपल्या पत्रावरून दिसतं की आपल्या कम्प्युटरची तारीख एक दिवस मागे आहे. आमचं संकेतस्थळ आधी तारीख जुळते का ते बघतं, ती दुरुस्त केलीत की पान उघडेल.' झालं. तिने मला कधी पाहिलेलं नाही, आपलं घर तिला माहीत नाही, बाबांचा शुक्रवार तिला माहीत नाही. नुसतं पत्राचं डोकं बघून तिने ओळखलं.

आणि तू? कम्प्युटर आपोआप पत्रावर तारीख घालतो. पंचवीस जानेवारीला तू मला लिहिलंस आणि त्याचं उत्तर तुला चोवीस जानेवारीचं मिळालं. तू लिहिण्याच्या आदल्या दिवशी मी उत्तर दिलं, तरी तुला नवल वाटलं नाही? वीस वर्षं हाच धंदा करतोस. तारीख मागे लावलीस तू, कुलूप घातलंस तू, आणि तिला हात लावू नकोस असं लिहूनही पाठवलंस. मला वाटलं, बाबांची केवढी काळजी माझ्या भावाला. मूर्ख मी.

वायर काढ. अर्धा तास थांब. चार दिवस उतरू दे. दोन दिवस हात लावू नकोस. एकेक दिवस मोजून खाल्लास माझा. सरकारने बाबांचा एकच गाळला होता.

आता कुलपाचं ऐक. तुला परवलीचा शब्द विचारायची माझी इच्छा नव्हती. म्हणून बाबांना सगळं सांगितलं, अर्जापासून. वाटलं, कुबडी फेकून मारतील. त्यांनी ती दोन ओळींची चिठ्ठी मला तीनदा वाचायला लावली. मग म्हणाले, 'आईचं नाव टाक. लाफाएलेने मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं.' मी टाकलं आणि उघडलं. मी म्हटलं, बाबा, तुमचा वार जाईल. ते म्हणाले, 'माझा वार देवाकडे आहे, कम्प्युटरमध्ये कशाला असेल? मी कधी म्हटलं होतं त्याच्यात घाल म्हणून? त्यानेच घातला, माझं तोंड बंद करायला. आणि तू तरी महिनाभर एकदा विचारायचंस.'

ते खरं आहे. मी विचारलं नाही. एवढं माझं.

तारीख बदलली आणि ते पान लागलं. निळं आहे, वर समुद्राचं चित्र आहे. मध्ये लिहिलंय, मुदत संपली.

मग बाबांनी विचारलं, 'त्याला माहीत होतं?' मी कम्प्युटर बंद केला. त्यांना काय कळायचं ते कळलं.

फुआतिनो


लोगन
रविवार, ३ मार्च २०१९

फुआ,

तू समजतेस तसं नाही. पहिल्या पत्रात खरंच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दुसऱ्यात आलं, कबूल करतो. सांगणारच होतो. पण माकेरिताने त्याच दिवशी सांगितलं की बाबा आले तर ती पोरांना घेऊन बहिणीकडे जाईल. मग मी काय करायचं होतं? बाबांना कुठे ठेवायचं होतं? तुझ्याच त्या वृद्धाश्रमात?

मी वाईट हेतूने केलं नाही. कुणीतरी बाबांजवळ असायला हवं होतं, एवढंच मनात होतं. तू लहान आहेस, तुला पुढे पुष्कळ संधी येतील.

बाबांना काय सांगितलंस? त्यांना माझ्याबद्दल उगाच काही भरवू नकोस. त्यांना फोनवर बोलव. दोनदा केला, उचलत नाहीत.

लाफाएले


साफोतू
मंगळवार, १२ मार्च २०१९

लाफाएले,

'कुणीतरी' म्हणजे मी, हे एवढं लांबवून लिहायची गरज नव्हती. तू सरळ म्हणाला असतास की मला बाबा नकोत, तर मी रडले असते, भांडले असते आणि दुसरी वाट शोधली असती. आपल्यात भावाने बहिणीच्या शब्दाला खाली पडू द्यायचं नसतं, हे तूच मला जानेवारीत लिहिलंस. ते पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. बाकीचीही दाखवली, सगळी, क्रमाने. भरवलं काहीच नाही. तुझंच अक्षर न् अक्षर वाचलं.

बाबा परवा, गुरुवारी, तुझ्याकडे येतायत. दुपारी अडीचला ब्रिस्बेनला उतरतील, खुर्ची लागेल असं विमानवाल्यांना सांगितलंय. व्हिसा गेल्या वर्षी तुमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी वहिनीनेच काढला होता. मग तुम्हाला सवड झाली नाही, पण तो अजून चालू आहे. मी पाठवत नाहीये, एवढं समजून घे. त्यांनीच ठरवलं. म्हणाले, 'माझी त्याला एवढी काळजी आहे की त्यापायी त्याने बहिणीचं वाटोळं केलं. मग त्या काळजीत जाऊन राहायला हवं.' डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या होत्या. त्यांनाही त्यांनी ऐकवलं.

तारखेचा त्रास तुला व्हायचा नाही. ते म्हणतात, तिथला शनिवार कुणी कधी हलवला नाही, मी तोच पाळीन. भिंतीवरचं कॅलेंडर इथेच ठेवून चाललेत. गाळलेला दिवस इथला आहे, तो इथेच राहू दे, असं म्हणाले. मी ते उतरवलेलं नाही.

माझं विचारू नकोस. सुलियाने दुकानात बसायला सांगितलंय. पुढचं मी बघेन, आणि या वेळी तुला न विचारता.

आता नीट वाच, कारण हे तुला रोज करायचंय. सकाळी सहाला सुई, खाण्याआधी, तशीच संध्याकाळी दुसरी. मग पट्टी सोडायची, जखम कोमट पाण्याने धुवायची, कोरडी करायची, नवी बांधायची. पट्टी दुपारी आणखी एकदा, झोपताना एकदा. घट्ट बांधलीस तर ते बोलत नाहीत, नुसते गप्प होतात, तेव्हा चेहरा बघत जा. लघवीला एकटे उठू देऊ नकोस. जखमेला वास आला तर सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून धू आणि अर्धा तास उघडी ठेव. तरी वास गेला नाही तर मला लिही.

मी दोनतीन दिवसांनी पुढची पायरी कळवीन. घाई करू नकोस.

फुआतिनो